मुंबईत जागा

जून महिना उजाडला की खेड्यापाड्यांतून एक प्रश्न हमखास कानी येतो. पोराला किंवा पोरीला मुंबईत प्रवेश मिळाला, फी भरली, पुस्तकांची यादी आली. आता राहायचं कुठं? पूर्वी हा प्रश्न एवढ्यावरच थांबत असे. अलीकडे त्याला एक शेपूट फुटले आहे. गावातला एखादा शहाणासुरता माणूस पारावर बसून म्हणतो, “चार-पाच वर्षं दुसऱ्याचं भाडं भरत बसायचं, त्यापेक्षा एक खोली विकतच घेऊन टाका की! पोरगं शिकेल आणि मुंबईत आपली जागाही होईल.” ऐकणाऱ्याला हे पटते. मग नजर आपोआप घरामागच्या शेताकडे वळते.

मी इतिहास शिकवणारा माणूस. जागांच्या दलालीतले मला काही कळत नाही. पण शिकायला आलेल्या मुलाने मुंबईत स्वतःची जागा करावी, ही गोष्ट कधीपासून शक्य झाली, कोणाला शक्य झाली आणि कशाच्या बळावर, हे मात्र तपासून पाहता येते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा हा इतिहास आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांचा त्याशी संबंध आहे.

मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. ग्रँट मेडिकल कॉलेज त्याआधीचे, १८४५ चे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि देशावरच्या मुलाला मुंबई जवळ आली. कोकणातली मुले आगबोटीने येत. वळकटी, पत्र्याची पेटी आणि कुणा दूरच्या मामाच्या नावाची चिठ्ठी, एवढ्या सामानावर गिरगावात, ठाकुरद्वाराला, फणसवाडीत मुलगा उतरायचा. मामाची खोली एक. तीत मामाचे कुटुंब, मामाचा धाकटा भाऊ आणि आणखी एखादा पाहुणा आधीच असायचा. मुलाच्या वाट्याला गॅलरीतली चार हात जागा येई. जेवण खाणावळीत, नाही तर वार लावून. ज्यांना वार म्हणजे काय हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरी जेवायचे. महर्षी धोंडो केशव कर्वे हे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. तेही असेच मुंबईस शिकायला आले, शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले.

त्या काळी कोणी विद्यार्थी मुंबईत खोली विकत घेत नसे. याचे कारण गरिबी हे तर आहेच. पण नुसती गरिबी नव्हे. खोली विकत मिळतच नव्हती! आज आपण ज्याला फ्लॅट किंवा ब्लॉक म्हणतो, म्हणजे इमारत अनेकांची आणि त्यातला एवढा एवढा तुकडा माझा, तसला व्यवहार तेव्हा रूढ नव्हता. इमारत असायची ती अख्खी एका मालकाची. घ्यायची तर सगळी चाळ घ्या, नाही तर भाडे भरून राहा. शेठ-सावकारांना पहिले जमे, बाकीच्या मुंबईला दुसरे. मोठे वकील, नामांकित डॉक्टर, कॉलेजातले अध्यापक यांतले कितीतरी लोक आयुष्यभर भाडेकरू म्हणून राहिले आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. “स्वतःचं घर” म्हणजे गावाकडचं घर, हीच सर्वांची समजूत होती.

मात्र एक तऱ्हेची मालकी या काळात गिरणगावात जन्माला आली, आणि तिची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत फारशी नसते. ती म्हणजे गावाची खोली. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी हा सगळा भाग भोंग्यांवर उठू-झोपू लागला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतली माणसे आली ती बायकामुले गावाकडे ठेवून. एकट्याला खोलीचे भाडे परवडेना, तेव्हा एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घेतली. वीस-पंचवीस माणसे, भिंतीला रांगेने ट्रंका, दोरीवर कपडे. दिवसपाळीची माणसे कामावर गेली की रात्रपाळीची माणसे त्याच पथारीवर झोपत. दर महिन्याला वर्गणी, तिचा हिशेब वहीत, आणि वहीवर लक्ष ठेवायला गावचीच एखादी करारी असामी. खोलीला नाव व्यक्तीचे नसायचे. अमक्या गावची खोली, एवढीच तिची ओळख.

गोव्याच्या लोकांनी हीच व्यवस्था धोबीतलाव-माझगाव भागात आणखी बांधेसूद केली. तिला ते ‘कूड’ म्हणतात. गावागणिक एक कूड, तिचे सभासद, तिचे नियम, संध्याकाळची एकत्र प्रार्थना. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, वाजंत्री आणि शिकायला आलेली पोरे या कुडींत नाममात्र पैशांत राहत.

आता विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहा. गिरणीकामगाराचा मुलगा मॅट्रिक झाला की बाप त्याला गावाच्या खोलीवर आणून टाकी. त्याला भाड्याची काळजी नव्हती, कारण खोली गावाची होती आणि म्हणून थोडीशी त्याचीही होती. दिवसा रात्रपाळीवाले झोपलेले, तेव्हा दिवा लावायचा नाही, मोठ्याने वाचायचे नाही. मग मुलगा पुस्तक घेऊन गॅलरीत, जिन्यात, रस्त्यावरच्या दिव्याखाली. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी शिक्षकांनी, कारकुनांनी अशाच खोल्यांतून शिक्षण पुरे केले आहे. माझ्या मते मुंबईतले ‘विद्यार्थ्याचे पहिले घर’ म्हणून कोणाला मान द्यायचाच असेल, तर तो या खोलीला द्यावा.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि शहराला प्रथमच कळले, की माणसे कशा जागेत राहतात हा सरकारचाही विषय आहे. अंधाऱ्या, कोंदट चाळींतून रोग फैलावतो असा समज होता. म्हणून १८९८ साली कायदा करून सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखली आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या. पाडलेल्या खोल्या जास्त, बांधलेल्या कमी, अशी त्या कामाची रीत होती. त्यामुळे गरिबांची अडचण काही काळ वाढलीच. १९२० साली डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट आले. त्याच्या काँक्रीटच्या चाळी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे उभ्या राहिल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. हे बी.डी.डी. चाळींचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्यातल्या वरळीच्या रहिवाशांना नव्या इमारतीतल्या घरांच्या पहिल्या किल्ल्या २०२५ साली मिळाल्या.

या ट्रस्टच्या चाळींतून एक विद्यार्थी आपल्या इतिहासात पुढे आला. त्याच्या जागेची हकीकत जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण जागा म्हणजे केवळ पैशाचा प्रश्न नसतो हे तीत स्वच्छ दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईस आले. परळच्या एका चाळीत त्यांनी खोली घेतली. खोली एकच, त्यातच चूल, त्यातच सरपण, त्यातच माणसे. धाकटा मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जात असे. सगळ्यांना एका वेळी पाय पसरायला जागा नाही, म्हणून बाप-लेकांनी रात्रच वाटून घेतली. मुलाने लवकर झोपावे, बापाने जागत बसावे. उत्तररात्री दोन वाजता बापाने मुलाला उठवावे आणि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हावे. मुलगा मग मिणमिणत्या दिव्याशी पहाटेपर्यंत वाची. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, १९१२ साली बी.ए. पुढे सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली हा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

१९१७ साली तो करारानुसार बडोद्यास नोकरीवर हजर झाला. पदव्या होत्या, दरबारची नोकरी होती, भाडे भरायला पगार होता. राहायला मात्र जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्याने कसाबसा आसरा घेतला. जात उघडकीस येताच काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्याला तिथून निघावे लागले. हिंदूंनी जागा दिली नाही, दुसऱ्यांनीही दिली नाही. बागेत झाडाखाली बसून गाडीची वेळ होण्याची वाट पाहावी लागली, ही हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. खिशात पैसे असून शहरात जागा न मिळणे म्हणजे काय, हे ज्यांना अजून समजले नसेल त्यांनी ती वाचावी. आडनाव विचारून, जेवण विचारून जागा नाकारणारे मालक आजही मुंबई-पुण्यात भेटतात; आमच्या विद्यार्थ्यांनाही भेटले आहेत.

मुंबईत परतल्यावर ते परळच्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. दोन लहान खोल्या: एकीत कुटुंब, दुसरीत पुस्तके आणि भेटीला येणारी माणसे. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात त्यांना अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून महिना ४५० रुपये पगार मिळू लागला. त्या काळी हा पगार मोठा. चाळ सोडून चांगल्या वस्तीत सहज जाता आले असते. ते गेले नाहीत. बिऱ्हाड चाळीतच ठेवले, रमाबाईंनी काटकसरीने संसार चालवला आणि शिल्लक साठली ती लंडनच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी. त्या शिलकीत शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांची भर घालून १९२० साली ते विलायतेस गेले. तिथेही भाड्याच्याच खोलीत राहिले. १९२१-२२ मध्ये ज्या घरात हा विद्यार्थी भाडेकरू होता, ते लंडनमधले किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले आणि तिथे त्यांचे स्मारक केले.

स्वतःचे घर त्यांनी बांधले ते १९३० नंतरच्या वर्षांत, दादरच्या हिंदू कॉलनीत. त्याचे नाव ‘राजगृह’. मगध देशाच्या प्राचीन राजधानीचे हे नाव. परळच्या एका खोलीत रात्र वाटून घेणारा मुलगा चाळिशी ओलांडल्यावर घरमालक झाला, आणि घर बांधताना त्याच्या डोळ्यांपुढे मुख्यतः काय होते, तर हजारो ग्रंथ मावतील अशी जागा. तोपर्यंत तो चाळीतच राहिला. तीसेक वर्षांचा हा हिशेब आहे: आधी शिक्षण, मग मिळकत, मग घर. प्रत्येकाला हाच क्रम लागू पडेल असे मी म्हणत नाही. पण मिळकतीतला पहिला रुपया त्यांनी विटांवर न घालता पदवीवर घातला, ही घडलेली गोष्ट आहे.

आता पांढरपेशांकडे वळू. ज्याला अख्खी इमारत घेता येत नाही त्याने मालक व्हायचे कसे, या कोड्याला मुंबईत पहिले चांगले उत्तर मिळाले ते सहकारातून. १९०४ च्या कायद्याने फक्त पतपेढ्यांना परवानगी होती; १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली. श्रीपाद सुब्बराव तालमकी नावाचे गृहस्थ होते. आपल्या गुरूंच्या नावाने १९०६ साली त्यांनी शामराव विठ्ठल पतसंस्था काढली होती. तीच पुढे बँक झाली. त्यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवी भागात सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांची सुरुवात हीच. कारवार-मंगळूरकडून मुंबईत नोकरीला आलेली ही मंडळी. बहुतेक कारकून, मास्तर, हिशेबनीस. एकेकट्याच्या आवाक्यात नसलेली गोष्ट त्यांनी भाग काढून, वर्गणी भरून, कर्ज उचलून सर्वांनी मिळून केली. इमारत संस्थेची, सभासद तिचा भागीदार आणि तिचाच भाडेकरू. गावाची खोली आणि ही संस्था यांची जात एकच, असे मला नेहमी वाटत आले आहे; एकीची वही मोडीत किंवा बाळबोधीत, दुसरीची छापील, इतकाच काय तो फरक.

पण यातली दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या पहिल्या संस्था ज्ञातीच्या पायावर उभ्या राहिल्या. आपल्या माणसांवर विश्वास ठेवता येतो, हप्ता बुडत नाही, हे त्यांचे बळ. ज्याची ज्ञात गरीब, ज्याच्या नात्यात एकही हिशेबनीस नाही, त्याने कोणाशी भागी करायची? बडोद्यात जे काठी घेऊन झाले, ते मुंबईत कितीदा तरी सभासदत्वाच्या अर्जावर सभ्यपणे झाले.

मुंबईत भाड्याचे नियंत्रण प्रथम पहिल्या महायुद्धात, १९१८ साली आले आणि काही वर्षांनी उठले. दुसऱ्या महायुद्धाआधी दादर-माटुंग्याला ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लटकत असत, असे जुने लोक सांगतात. युद्धात माणसे वाढली, १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले आणि पाट्या दिसेनाशा झाल्या. त्याच वर्षी मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. हेतू चांगला. जो खोलीत होता त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे संरक्षण मिळाले. जो बाहेर होता त्याचे काय? मालकाला भाड्यात काही सुटेना, म्हणून तो नवी चाळ बांधीना आणि जुनी दुरुस्त करीना. रिकामी खोली हातात आली, की भाड्याऐवजी तो आधी ‘पागडी’ मागू लागला. पागडी घेणे हा गुन्हा होता. तरी ती घेतली जाई, दिली जाई आणि तिची पावती कधी मिळत नसे. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने असा पैसा घेणे कायदेशीर ठरवले, हा त्या कहाणीचा विनोदी शेवट. पागडीला पैसा नाही आणि गावाची खोलीही नाही, असा विद्यार्थी मग कुणाच्या तरी घरात कॉटपुरती जागा घेऊन पेइंग गेस्ट म्हणून राहू लागला.

बिल्डरांनी यावर निराळाच तोडगा काढला. भाड्याने देऊन फायदा नाही ना, मग इमारत बांधायची आणि एकेक ब्लॉक विकूनच मोकळे व्हायचे! ओनरशिपचे ब्लॉक ते हे. १९५० नंतर ही पद्धत जोराने पसरली. कायदा नव्हता; आगाऊ पैसे घेऊन पसार होणे, एकच ब्लॉक दोघांना विकणे, नकाशा एक दाखवून इमारत दुसरी बांधणे, असे सारे प्रकार झाले. म्हणून १९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला. त्याने सांगितले, की आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी बिल्डरने लेखी करार केला पाहिजे, तो नोंदवला पाहिजे आणि घरे घेणाऱ्यांची संस्था करून मालकी तिच्या हवाली केली पाहिजे. साध्या पगारदाराला ‘माझा ब्लॉक’ असे कायद्याच्या आधाराने म्हणता येऊ लागले ते तेव्हापासून. पैशाची सोय व्हायला आणखी चौदा वर्षे गेली. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली एच.डी.एफ.सी. ही घरासाठी कर्ज देणारी संस्था काढली. २०२३ साली ती त्याच नावाच्या बँकेत विलीन झाली आहे. निवृत्तीच्या पैशातून म्हातारपणी घर, ही जुनी रीत मोडून नोकरीच्या आरंभी घर आणि मग वीस वर्षे हप्ते, ही नवी रीत पडली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या नव्या रीतीचा सगळा डोलारा मिळकतीच्या दाखल्यावर उभा आहे. पगार किती, धंद्याचा कर किती भरता, त्यावर कर्ज. विद्यार्थ्याजवळ यातले काहीच नसते. शिक्षणासाठी त्याला कर्ज मिळेल. घरासाठी मिळायचे तर कर्जात मिळकत असलेले आईवडील सामील झाले पाहिजेत. म्हणजे ‘विद्यार्थ्याने घर घेतले’ असे आपण म्हणतो तेव्हा ते बापाने घेतलेले असते, आणि शेतकरी बापाजवळ पगाराचा दाखला नसतो, जमीन असते.

आमच्या महाविद्यालयातला एक मुलगा पुढच्या शिक्षणासाठी मुंबईस निघाला होता. वडिलांची दोन एकर बागाईत. कल्याणच्याही पुढे कुठेतरी एक खोली-स्वयंपाकघर बघून ठेवलेले. व्यवहार जवळजवळ ठरला, फक्त मुलाच्या बहिणीची सही राहिली होती. ती बारावीला होती, नुकतीच अठरा पूर्ण झालेली. ती घरच्यांना म्हणाली, “दादा शिकतोय म्हणून त्याच्या नावावर खोली, पुढल्या साली मी शिकायला गेले तर माझ्यासाठी काय विकणार?” घरात दोन दिवस कोणी बोलले नाही. शेवटी जमीन राहिली. मुलगा आणखी तिघांबरोबर भाड्याने राहिला आणि परवा पास होऊन आला.

त्या मुलीचा प्रश्न भावनेचा होता तसाच कायद्याचाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला आहे. त्या साली वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तेव्हा शेत विकून मुलासाठी मुंबईत खोली घेणे म्हणजे पुष्कळदा बहिणीचा वाटा भावाच्या भिंतीत घालणे होय. तिने राजीखुशीने दिला तर गोष्ट वेगळी. पण तिला विचारलेले तरी असावे.

आणखी एक. १९४८ च्या कुळकायद्यानुसार आपल्याकडे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सगळीच जमीन विकून टाकली, तर उद्या पुन्हा घेताना आपण शेतकरी असल्याचा दाखला आणायचा कुठून? आणि मुलगा अठराच्या आतला असताना त्याच्या नावावर घर केले, तर १९५६ च्या अज्ञान व पालकत्व कायद्याप्रमाणे न्यायालयाच्या परवानगीवाचून बापालाही ते विकता येत नाही. शिक्षण मध्येच अडले, आजारपण आले, तर भिंती आहेत आणि हातात पैसा नाही, अशी गत होते.

इतके करूनही ज्यांना घ्यायचेच असेल त्यांनी घ्यावे. त्यात पाप नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने १९६३ पेक्षा बरेच अधिक संरक्षण दिले आहे. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि क्षेत्रफळ सांगायचे ते चटईक्षेत्र. ज्या बांधकामाची महारेराकडे नोंद असायला हवी आणि नाही, तिथे बयाणाही देऊ नये. भाड्याने राहायचे ठरले तर भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असावा. ही जबाबदारी १९९९ च्या कायद्याने मालकावर टाकली आहे, तेव्हा नोंदणी मागायला संकोच करण्याचे कारण नाही.

सरकारकडून, संस्थांकडून वसतिगृहे अधिक व्हायला हवीत, हे सांगायला इतिहासाचा अध्यापक कशाला हवा! तरी एक आठवण देतो. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. मुले एका पंक्तीस जेवत आणि हाताने काम करून शिकत. या दोघांनी मुलाच्या बापाला शेत विकायला सांगितले नाही. भाऊरावांनी शेतकऱ्याकडे धान्य मागितले.

राहता राहिली ती गावाची खोली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, माणसे गावी परतली. तरी पुष्कळ खोल्या अजून शिल्लक आहेत आणि तिथे आता स्पर्धा परीक्षांची, कॉलेजची पोरे राहतात. आता त्या चाळींचा पुनर्विकास होत आहे. चाळ पडली की भाडेकरूला नव्या इमारतीत मालकीची जागा मिळते, आणि भाडेकरू कोण हे ठरते ते बहुधा भाडेपावतीवरच्या नावावरून. पन्नास-साठ वर्षांपूर्वी गावातल्या एखाद्या भरवशाच्या माणसाच्या नावाने पावती फाडलेली असते. तो माणूस वारला, त्याचे वारस कुठे आहेत ते गावाला माहीत नाही. किंवा माहीत आहे आणि त्यांनी खोलीवर हक्क सांगितला आहे. जिथे गावकऱ्यांनी मंडळाची नोंदणी करून पावती मंडळाच्या नावावर करून घेतली, तिथे काम सोपे आहे. जिथे तसे झालेले नाही, तिथल्या शिक्षकांनी आणि सरपंचांनी खोलीच्या जुन्या वह्या, वर्गणीच्या नोंदी, विजेची बिले गोळा करून एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवावीत, आणि ते चाळ पाडण्याची नोटीस लागण्याच्या आत करावे.